बिनटिंबाचा कागद

अर्जदाराचे पूर्ण नाव :

झांबरे वस्तीवर पांढरी गाडी आली की आधी कुत्री उठायची, मागोमाग माणसं उठायची आणि महिन्या-दोन महिन्यांत एखादी जमीन उठायची. दोन हजार सहा सालापर्यंत हे इतक्या वेळा झालं होतं की कुत्र्यांनीही भुंकायचं सोडून नुसतं बघायला सुरुवात केली होती. वस्ती हडपसरच्या पुढं, कालव्याच्या अंगाला. महापालिकेत येऊन नऊ वर्षं झाली होती, नळ अजून यायचा होता. समोर जिथं ऊस असायचा तिथं काचेच्या इमारती उभ्या होत्या, आणि संध्याकाळी त्या काचांत वस्तीच्या म्हशी परत येताना दिसायच्या.

त्या दिवशी गाडीतून एकटी पोरगी उतरली. गळ्यात कंपनीचा पट्टा, पायांत बूट, काखेत फाइल. मथुराबाई भट्टीपाशी होती. कढईतलं दूध खव्याला आलेलं, आणि अशा वेळी हात थांबला की खालून लागतं, म्हणून तिनं मान वर केली नाही. नजर तेवढी टाकली. बूट बघितले. फाइल बघितली.

"मावशी, मी प्रियदर्शनी. समोरच्या कंपनीतून आले. तुमचं पूर्ण नाव सांगाल?"

"कशाला?"

"अर्जात लिहायला."

"मी कुठं अर्ज केलाय?"

"तुमच्या वतीनं आम्हीच करून राहिलो."

त्या 'करून राहिलो'वरून मथुराबाईनं ओळखलं, पोरगी इकडची नाही. "कुठली गं तू?"

"अमरावतीची."

"एवढ्या लांबनं आलीस. माझ्या नावासाठी."

पोरगी हसली. कंपनी वस्तीला गोबरगॅस बांधून देणार होती. फुकट. धूर नाही, सरपण नाही, गॅस काढून उरलेल्या शेणाच्या राबडीचं खत. मथुराबाईनं 'फुकट' हा शब्द ऐकला आणि उलथण्याला लागलेला खवा कढईच्या काठावर दोनदा जास्तच जोरानं झटकला.


जनावरे (संख्या) :

सहा. सगळ्या म्हशी.

हा रकाना भरायला तिची हरकत नव्हती. म्हशी रस्त्यावरूनही मोजता येत होत्या.


व्यवसाय व अडचण (थोडक्यात) :

थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं, आणि पोरीला ते सांगितलंही नाही.

नवरा विठोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक विश्रांतवाडीला दिलेली, ती सणाला यायची. वाटण्या होऊन, विकून, रस्त्याला जाऊन मथुराबाईकडे उरले होते तीस गुंठे, म्हशी आणि ही भट्टी. तिचा खवा हडपसरात हिंदुराव मिठाईवाल्याकडे जायचा. वीस वर्षं हिंदुरावानं खवा वासावर घेतला होता आणि आता तोच वासावर परत करू लागला होता. बाभळी तुटल्या, सरपण संपलं. वखारीतलं ओलंसुकं लाकूड, रंग लावलेल्या फळ्यांचे तुकडे, काय मिळेल ते भट्टीत जायचं आणि त्याचा वास खव्यात उतरायचा. "मथुराबाई, आता कंपनीतली पोरं पेढे नेतात. त्यांना धुराचं कौतुक नाही. दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर मी डेअरीचा लावतो," असं तो म्हणाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरनंही धुराचंच नाव घेतलं होतं, फक्त त्यानं दिवाळीची मुदत दिली नव्हती.

खवा बंद झाला की म्हशी जाणार. म्हशी गेल्या की 'आता तीस गुंठे ठेवून काय करता,' असं विचारणारी माणसं वस्तीवर तयारच होती. त्यांच्या खिशात दोन-दोन मोबाइल असायचे.

म्हणजे गोबरगॅस तिला हवा होता. तेच तर वाईट होतं. जे आपल्याला हवंय नेमकं तेच घेऊन कुणी दारात आलं की माणसानं सावध व्हावं, असं तिला वाटायचं.


जागेचा उतारा :

"आणि मावशी, सात-बारा लागेल."

उलथणं थांबलं. खवा खालून लागला. त्या दिवशीचा खवा हिंदुरावानं घेतलाच नाही.


जागेचे क्षेत्रफळ :

पोरगी चार दिवसांनी पुन्हा आली. वस्तीवर प्लॉटला कुणी प्लॉट म्हणत नसे. प्लाट म्हणत. अमक्यानं प्लाट पाडले, तमक्याचे प्लाट गेले. हे प्रियदर्शनीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ती म्हणत होती प्लांट, तेही नाकात, घाईघाईनं.

"प्लांटला जागा फार नाही लागत, मावशी. अर्धा गुंठासुद्धा पुरतो."

"एवढा बारका प्लाट?"

"सुरुवातीला. नंतर वाटलं तर शेजारी दुसरा टाकता येतो."

"दुसरा बी टाकणार."

"गरज पडली तर. सोनबाकाकांकडे पण एक टाकायचाय. डिसेंबरपर्यंत वस्तीत आठ करायचे, असं टार्गेट आहे."

"आठ. आन त्यात माणसं कुठली?"

"कुठली म्हणजे? तुम्हीच. तुमच्यासाठीच तर आहेत."

"आमच्याच रानात आमालाच प्लाट."

"हो ना. हाच उद्देश आहे."

मथुराबाईनं पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढं उघड बोलणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

"कुंपण?"

"आम्ही घालून देऊ. गाडीपुरती वाट लागेल फक्त. आमच्या कँटीनमधलं उरलेलं अन्न रोज येईल ना."

"उष्टं?"

"त्यानं गॅस चांगला होतो."

मथुराबाईनं बोटांवर मोजलं. राहायची जागा त्यांची, कुंपण त्यांचं, जेवणही त्यांचंच. गोबरगॅस हे वरवरचं. आत प्लाट होता.

"कागद आण," ती म्हणाली. "वाचल्याबिगर मी काय करत न्हाई. चौथी पास हाय मी."

"आणलाय," प्रियदर्शनी म्हणाली आणि फाइल उघडली.


मजकूर :

समतीपत्र

मी, श्रीमती मथुराबाई विठोबा झाबरे, लिहून देते की माझ्या मालकीच्या जागेत कपनीच्या खर्चाने प्लाट उभारण्यास माझी समती आहे. प्लाट उभारल्यानतर त्यासबधी माझी काहीही तक्रार राहणार नाही.


साक्षीदार क्र. १ :

सोनबा शेजारच्या बांधावर बसून कागद लांब धरून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागद लांब धरला की माणूस शहाणा दिसतो.

"काय म्हणतोय?"

"प्लाट म्हणतोय. बोट ठेवून वाचलं, सोनबादादा. दोन डाव लिवलंय. आन माझं नाव चुकवलंय. झाबरे. झांबऱ्यांची सून हाय मी, झाबऱ्यांची न्हाई."

"चुकून झालं असंल."

"नाव चुकत नसतंय. चुकवत्यात. उद्या कोर्टात म्हणाय मोकळे, ही बाई दुसरीच हाय."

सोनबानं विचार केला. "पर मग सही बी दुसऱ्याच बाईची धरतील की. तुजी जमीन वाचंल."

"तुमी कुणाच्या बाजूनं बोलताय?"

सोनबानं आपल्या गोठ्याकडे बघितलं. मागं कधीतरी सरकारनं त्याच्या गोठ्यामागं गोबरगॅसचा घुमट बांधून दिला होता. सहा महिने पेटला. मग तडा गेला, आणि बघायला कुणी फिरकलं नाही. आता त्यात कडबा असायचा. "पर एक हाय," तो म्हणाला. "घुमट बिघाडला, तरी जमीन कुणी नेली न्हाई."

"तवा जमिनीला विचारत होतं कोण?"

त्यानं कागद परत दिला.


दुरुस्ती असल्यास :

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत हडपसर गाडीतळावरच्या एका टायपिंगच्या दुकानाचं नाव होतं. मथुराबाई खव्याची पाटी हिंदुरावाकडे टाकून तशीच तिथं गेली. आत श्यामसुंदर नावाचा गृहस्थ कॉम्प्युटरपुढे बसलेला. मागे भिंतीवर पाटी होती : 'येथे टाइप करून मिळेल. वाचून मिळणार नाही.'

"हे वाचून सांगा."

श्यामसुंदरनं पाटीकडे बोट केलं.

"मला पाटी वाचता येती. कागद कळंना."

"मग बसा." त्यानं कागद घेतला. ओठ न हलवता वाचला. "बाई, यातली टिंबं गेलीत."

"गेली म्हंजी?"

"त्या मुलीनं मजकूर फ्लॉपीवर आणला होता. तिचा फॉन्ट निराळा, आमचा निराळा. इथं उघडला की डोक्यावरची टिंबं गळतात. मी म्हणालो तिला, बघून घ्या. ती म्हणाली, घाई आहे. आयटीवाल्यांना घाई असतेच."

"समदी टिंबं गेली?"

"सगळी. निवडून गाळण्याएवढं आमचं मशीन हुशार नाही."

त्यानं पेन घेतलं आणि एकेक टिंब दिलं. समतीचं संमती झालं. कपनीची कंपनी झाली. झाबऱ्यांचे झांबरे झाले. मग प्लाटवर दोन ठिकाणी.

"प्लांट," त्यानं वाचलं.

"प्लांट म्हंजी काय?"

"तुमचा गोबरगॅस हो. यंत्र, टाकी, जे काय असेल ते."

"आन प्लाट?"

"प्लाट असा शब्दच नाही. प्लॉट आहे."

"आमच्याकडं हाय."

"तुमच्याकडे पुष्कळ काही आहे," श्यामसुंदर म्हणाला आणि पुन्हा मशीनकडे वळला.

मथुराबाई सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसून परत निघाली. आधी तिला हसू आलं. पोरीला काय काय विचारलं ते आठवून पदर तोंडाला लावावा लागला. पण कालव्यापाशी येईतो हसू ओसरलं. एका टिंबानं रान जातं आणि एका टिंबानं परत येतं, तर ते टिंब असतं कुणाच्या हातात? टाइप करणाऱ्याच्या? फ्लॉपी आणणाऱ्याच्या? तिच्या तर नव्हतंच. तिच्याकडे पेनसुद्धा नव्हतं.


हितसंबंधी व्यक्ती (असल्यास) :

ही गोष्ट तिनं रंगरावला सांगितली, ही तिची चूक.

रंगराव तिचा धाकटा दीर. आधी शेती, मग वीटभट्टी, आणि आता पांढरा शर्ट. टिंबांची गोष्ट ऐकून तो पोटभर हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

"वैनी, पर असल्या कागदावर सही करायची नसती. पेननं टिंबं दिल्याली खाडाखोड धरत्यात. आना हिकडं. मी नवा टाइप करून आनतो, टिंबासकट."

"तुमाला कशाला तरास."

"घरातलंच काम हाय."

दोन दिवसांनी तो कागद घेऊन आला. पहिलंच टिंब बोटानं दाखवलं. संमती. मग झांबरे. मग प्लांट.

"एकाच पानाचा होता की हो," मथुराबाई म्हणाली. "ह्ये दोन झाली."

"टिंबांनी जागा घेतली," रंगराव म्हणाला. "करा सही. पेन देऊ?"

"ठेवा तितं. खवा उतरवती आन मग बघती."

"मी वाचून दावतो की."

"तुमी घरातले. घरातल्यांनी किती करायचं."

त्यानं पेन कागदावर ठेवलं आणि तो गेला. पेन नवं होतं.


(हा रकाना कार्यालयीन उपयोगासाठी आहे. अर्जदाराने काही लिहू नये.)


वाचून पाहिले, बरोबर आहे :

पहिल्या दिवशी दुपारी तिनं पहिलं पान तपासलं. वाचलं नाही, तपासलं. बोट अक्षरांच्या डोक्यावरून फिरवत नेलं, आणि जिथं टिंब हवं तिथं टिंब होतं. कंपनी, संबंधी, नंतर. आता काय राहिलं, असं वाटून तिनं पेनचं टोपण काढलंही. पण म्हैस हंबरली, आणि टोपण परत बसलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं पान. पुन्हा टिंबं. पूर्वेकडील बांधालगत. बांधावर टिंब. रुंदीचा. रुंदीवर टिंब. बोट मागं आलं. बांध आणि रुंदी यांच्यामध्ये दोन शब्द होते, त्यांच्यावर एकही टिंब नव्हतं. राहिलं की काय म्हणून तिनं ते शब्द पहिल्यांदा नीट वाचले.

नऊ मीटर.

तिनं ओळ सुरुवातीपासून घेतली. 'सदर प्लांटकडे जाण्यायेण्यासाठी पूर्वेकडील बांधालगत नऊ मीटर रुंदीचा कायमस्वरूपी रस्ता देण्यास माझी संमती आहे.'

टिंबांसकट. एकही चूक नाही.

वस्तीवर ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही नऊ मीटर कळत होतं. नऊ मीटर रस्ता दाखवल्याशिवाय प्लाट पास होत नाहीत, हे तिथं चहाच्या टपरीवर ऐकायला मिळायचं. मथुराबाईच्या रानामागं रंगरावाचे दोन एकर होते. त्यांना रस्ता नव्हता. पूर्वेचा बांध मथुराबाईचा होता.

तिसऱ्या दिवशी रंगराव आला.

"झालं का वाचून?"

"झालं. भावजी, एक इचारू? शेणाची पाटी किती रुंद असती?"

रंगरावानं कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आसं सगळ्याच कागदांत छापील असतंय, वैनी."

"त्यो श्यामसुंदर टाइप करतो, वाचत न्हाई. तुमी वाचता. म्हणून तुमाला इचारलं."

"रस्ता झाला तर तुमच्याच रानाची किंमत वाढंल."

"किंमत इकायच्या वस्तूला असती."

रंगराव उठला. कागद मागितला. मथुराबाईनं दिला नाही. पेन मात्र दिलं.


कंपनीचे निवेदन :

प्रियदर्शनी आली तेव्हा मथुराबाईनं दोन्ही कागद तिच्यापुढे टाकले आणि भट्टीवरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रंगरावाला ही पोरगी ओळखत असेल तर तोंडावर दिसेल, असा तिचा हिशेब. पोरीनं दुसरा कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे आमचं नाही, मावशी."

"तुमचं कोन्तं?"

"हे. टिंबं नसलेलं. माझी चूक झाली, मी छापून झाल्यावर बघितलंच नाही. पण रस्ता वगैरे आम्ही कधीच—"

"त्यात काय लिवलंय शेवटाला?"

पोरीनं वाचलं. "काहीही तक्रार राहणार नाही."

"टाकी फुटली तर?"

"मावशी, ते सगळ्याच कागदांत छापील असतं."

मथुराबाईनं उलथणं खाली ठेवलं. एक माणूस अमरावतीचा, एक घरातला, आणि दोघांच्या तोंडी वाक्य एकच. दोघं एकमेकांना ओळखत असतील किंवा नसतीलही. वाक्य दोघांना ओळखत होतं.

"मग तुमचा कागद नगं," ती म्हणाली. "माझा घ्या. वही दे."

आणि तिनं लिहिलं. चौथीनंतर एवढं सलग ती पहिल्यांदाच लिहीत होती. दूध उतू जाईतो एक ओळ, असा वेग होता. प्रियदर्शनी शेजारी बसून कढई हलवत होती, चुकीच्या बाजूनं.

'माझ्या रानात कंपनी शेणाची टाकी बांधून देणार. रान माझं. रस्ता नाही. बिघडली तर कंपनीनं यायचं. आली नाही तर मी शेण कंपनीच्या दारात आणून टाकणार.'

"शेवटचं वाक्य..." प्रियदर्शनी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

"माझ्या सहीला किंमत नाही, मावशी. आमचे मॅनेजर लागतील."

"आण की मग."


सही / अंगठा :

मॅनेजर आले, हे मथुराबाईला अपेक्षित नव्हतं. श्रीनिवास त्यांचं नाव. बंगळूरकडचे. गाडीतून उतरून शेण चुकवत भट्टीपर्यंत आले. प्रियदर्शनीनं त्यांना कागद इंग्रजीत सांगितला. शेवटच्या वाक्याला ती थोडी अडखळली, पण तिनं ते गाळलं नाही. मथुराबाईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिनं त्यांच्या कपाळाकडे लक्ष ठेवलं होतं. आठी बरोबर त्या जागी पडली, तेव्हा तिला खात्री झाली की पोरीनं खरं सांगितलंय.

श्रीनिवासांनी खिशातून पेन काढून सही केली. मथुराबाईनं ती उलटसुलट बघितली.

"ह्ये काय, वेल काढलाय का? मराठीत करा म्हणावं."

"त्यांना मराठी लिहिता नाही येत, मावशी."

"मग अंगठा द्या."

प्रियदर्शनीनं हे इंग्रजीत सांगायला जरा वेळ घेतला. श्रीनिवास तिच्याकडे बघत राहिले, मग मथुराबाईकडे, मग हसायला लागले. पण मथुराबाई हसत नव्हती, म्हणून त्यांनीही थांबवलं. शाई नव्हती. मथुराबाईनं कढईच्या बुडावर बोट घासलं आणि ती काजळी त्यांच्या उजव्या अंगठ्याला लावली. अंगठा नीट उठला.

"ह्याच्या दोन झेरॉक्स," ती पोरीला म्हणाली. "एक सोनबादादाकडं, एक लेकीकडं विश्रांतवाडीला. ह्यो माझ्याकडं."

"आणि कंपनीला?"

"कंपनीला कशाला? रान माझंय."


प्लांटची जागा (खूण करून दाखवावी) :

"गोठ्यालगत घेऊ," प्रियदर्शनी म्हणाली. "शेण जवळ, पाइप कमी."

मथुराबाई गोठ्याकडे वळलीच नाही. ती चालत पूर्वेच्या बांधापाशी गेली, तिथून रानाच्या तोंडाशी. पोरगी बुटांत माती भरत मागोमाग.

"ही टाकी एकदा पुरली की हलवता येती का गं?"

"नाही. काढायला गेलं की तडा जातो."

"कुणी म्हनलं, आमाला रस्ता पायजे, तर?"

"नाही काढता येत, मावशी. एकदा पुरली की पुरली."

"मग हितं."

प्रियदर्शनीनं आजूबाजूला बघितलं. "इथं? कँटीनच्या गाडीला सोयीचं आहे म्हणा, सडकेवरूनच टाकता येईल. पण गोठा केवढा लांब पडतो. शेण रोज वाहून आणावं लागेल."

"वाहीन."

"आणि भट्टी तिकडे..."

"भट्टी हितं आनती."

पोरीनं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मथुराबाईनं वाकून वाचलं. 'जागा अर्जदाराने निवडली.' टिंब लागतच नव्हतं.

आठवड्यानं खोदायला माणसं आली. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा सडकेला मोटारसायकल थांबली. रंगराव उतरला नाही. एक पाय टेकवून, गॉगल लावून, खड्डा आणि बांध यांच्यामधलं अंतर बघत राहिला. हातभर होतं.

मथुराबाईनं पोरीच्या कानाशी विचारलं, "ह्याला वळखतीस?"

"नाही." मग पोरगी जरा थांबली. "म्हणजे... कागद छापायला गेले तेव्हा त्या टायपिंगच्या दुकानात दिसले होते बहुतेक. मी कुठल्या कंपनीत आहे म्हणून विचारत होते."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की. का, मावशी?"

मथुराबाईनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहरा सरळ होता. पण सरळ चेहरे तिनं पुष्कळ पाहिले होते. कागद पोलक्यात होता, तो तिनं वरूनच हातानं चाचपला.

"काय न्हाई," ती म्हणाली, आणि खड्ड्यातल्या माणसांना हाक मारली. "बांधाच्या अंगानं आनखी वाढवा. आन हातभर खोल जाऊ द्या."